पित्तनलिकेचा कर्करोग : आधी सगळी चित्रे, मग स्टेंट

आपल्याकडे काविळीचा रुग्ण सरळ स्कॅनच्या खोलीत क्वचितच येतो. आधी गळ्यात माळ पडते, कुणीतरी कावीळ उतरवून देतो, घरात फोडणी बंद होते आणि उसाचा रस सुरू होतो. हिपॅटायटिसची कावीळ बहुतेक वेळा आपली आपण ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. पित्ताची वाट अडून होणारी, म्हणजे अडथळ्याची, कावीळ मात्र ओसरत नाही. डोळे दिवसेंदिवस पिवळे होत जातात, लघवी चहासारखी गडद होते, शौच पांढुरके होते, रात्री खाजेने झोप लागत नाही, आणि पोटात फारसे दुखत नाही म्हणून कुणी घाबरतही नाही. यात तीन-चार आठवडे सहज जातात.

त्यानंतर रुग्णालयात जे होते ते नेमके उलटे असते. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातले पिवळे द्रव्य, पंधरा दिसले की सगळ्यांना घाई होते, आणि दुसऱ्याच सकाळी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी नळी) टाकला जातो. कावीळ उतरू लागते, घरचे निश्चिंत होतात. पण गाठ कुठे आहे, किती पसरली आहे, काढता येईल का, हे सांगणारी चित्रे त्या स्टेंटने कायमची धूसर केलेली असतात. हा लेख मुख्यतः त्या क्रमाबद्दल आहे: कोणती तपासणी कधी, कशी करायची, आणि सगळ्यांचे निष्कर्ष एकत्र कसे वाचायचे.

एका तपासणीवर का भागत नाही

पित्तनलिकेचा कर्करोग तीन ठिकाणी होतो: यकृताच्या आतल्या नलिकांत, यकृतातून उजवी आणि डावी नलिका बाहेर येऊन जिथे मिळतात त्या संगमावर, आणि खाली स्वादुपिंडाजवळच्या भागात. निम्म्याहून अधिक गाठी संगमावर असतात. जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ साली अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन केले, म्हणून डॉक्टरांच्या बोलण्यात ही गाठ ‘क्लॅट्स्किन ट्यूमर’ असते. पुढचे विवेचन मुख्यतः याच गाठीचे आहे, कारण चित्रे वाचताना सर्वात जास्त फसगत इथेच होते.

फसगतीचे कारण गाठीच्या स्वभावात आहे. ती गोळा होऊन वाढण्यापेक्षा नलिकेच्या भिंतीतून, साल चढावी तशी, वर आणि खाली सरकत जाते. भिंत काही मिलिमीटर जाड होते, एवढेच. तिच्यात पेशी कमी आणि तंतुमय ऊतक जास्त असते. त्यामुळे सोनोग्राफीत गाठ दिसत नाही, फक्त तिच्यामागे तुंबलेले पित्त दिसते. सीटीत रक्तवाहिन्या छान दिसतात, पण भिंतीतला पसरता टोकाचा भाग निसटतो. एमआरसीपीत (पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये) नलिकांचा नकाशा मिळतो, पण धमनीशी गाठीचे नाते नीट कळत नाही. पेट स्कॅन दूरच्या प्रसाराचे सांगतो, जवळचे कमी. म्हणून एकाच चाचणीत ‘कॅन्सर आहे की नाही’ हे शोधू नये. प्रत्येक चाचणीला तिचा एक प्रश्न द्यावा.

पहिली पायरी : रक्त आणि सोनोग्राफी

रक्तात एकूण आणि डायरेक्ट बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी (पित्त तुंबल्यावर वाढणारी एन्झाइम्स), आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) आणि सीए १९-९ (कर्करोगात वाढणारा पदार्थ) तपासावे. सीए १९-९ ची नेहमीची मर्यादा ३७ युनिट प्रति मिलिलिटर असते, पण तुंबलेल्या पित्तात आणि संसर्गात तो आकडा कर्करोग नसतानाही शेकड्यांत जातो. त्यामुळे काविळीत आलेला आकडा नोंदवून ठेवावा आणि पित्ताचा निचरा झाल्यावर पुन्हा तपासावा. उलट बाजूही आहे: शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही. त्यांचा आकडा गाठ असूनही साधारण राहतो.

सोनोग्राफीसाठी ६ ते ८ तास उपाशी राहावे, नाहीतर पित्ताशय आक्रसते आणि आतड्यातील हवा आड येते. मुख्य पित्तनलिकेची रुंदी साधारण ६ ते ७ मि.मी.पर्यंत ठीक, पित्ताशय काढलेल्यांत १० मि.मी.पर्यंतही चालते. इथे सोनोलॉजिस्टने फक्त ‘नलिका फुगल्या आहेत’ लिहून थांबू नये. अडथळा कोणत्या उंचीवर आहे ते सांगावे. यकृतातल्या नलिका फुगलेल्या, पण पित्ताशय चपटे आणि खालची नलिका बारीक, तर अडथळा संगमावर. पित्ताशय फुगून टम्म, तर अडथळा खाली. त्याच वेळी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावून पोर्टल शिरेच्या, म्हणजे आतड्यांतून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेच्या, दोन्ही फांद्यांतला प्रवाह बघावा. दोन मिनिटांचे काम आहे आणि बऱ्याच रिपोर्टांत ते नसते.

एक प्रकार कावीळ न होताच येतो. गाठ एकाच बाजूची नलिका बंद करते, दुसरी बाजू काम चालू ठेवते आणि बिलिरुबिन साधारण राहते. फक्त अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले असते आणि सोनोग्राफीत एका खंडातल्याच नलिका फुगलेल्या दिसतात. ‘जुना खडा असेल’ म्हणून हे सोडून देऊ नये.

इथे थांबा : स्टेंट टाकण्यापूर्वी

स्टेंट टाकला की फुगलेल्या नलिका बसतात आणि एमआरसीपीतला नैसर्गिक काँट्रास्ट, म्हणजे तुंबलेले पित्त, निघून जाते. नळीच्या घर्षणाने भिंत सुजते आणि काँट्रास्ट (चित्र उठावदार करणारे औषध) दिल्यावर गाठीसारखीच चमकते. नलिकांत हवा शिरते, तीही एमआरआयमध्ये खड्यासारखी दिसते. धातूचा स्टेंट असेल तर सीटीत त्याच्या रेघा आजूबाजूचे झाकतात. म्हणून सीटी आणि एमआरआय दोन्ही आधी.

अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा: थंडी वाजून ताप, रक्तदाब घसरलेला, गुंगी. हा पित्तमार्गातला संसर्ग आहे आणि निचऱ्याला उशीर जिवावर बेततो. तरीही रुग्ण टेबलावर नेण्याइतका स्थिर असेल तर अँटिबायोटिक सुरू करून वाटेत सीटी करून घ्यावा. प्रत्यक्ष स्कॅनला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. आणि निदान पक्के होईपर्यंत आवरण नसलेला धातूचा स्टेंट टाकू नये. तो भिंतीत रुततो, काढता येत नाही आणि सर्जनची वाट बंद करतो. प्लास्टिकचा स्टेंट बदलता येतो.

दुसरी पायरी : तीन टप्प्यांचा सीटी

‘पोटाचा सीटी, काँट्रास्टसह’ एवढेच चिठ्ठीवर लिहिले तर एकाच टप्प्याचा स्कॅन होतो आणि या आजारात तो अर्धवट ठरतो. चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे: ‘संगमावर अडथळ्याचा संशय, स्टेंट नाही, तीन टप्पे हवेत.’

तोंडाने पांढरा काँट्रास्ट देऊ नये, साधे पाणी द्यावे. पांढरा काँट्रास्ट ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) भरला की नलिकेचे खालचे तोंड त्यात बुडून जाते. हाताच्या शिरेत १८ किंवा २० गेजची सुई हवी. २२ गेजच्या सुईतून सेकंदाला ४ मि.लि.चा वेग टिकत नाही आणि धमनीचा टप्पा वाया जातो. काँट्रास्ट वजनाच्या किलोमागे सुमारे १.५ मि.लि. पहिला टप्पा ३५ ते ४० सेकंदांनी: यात यकृताच्या धमन्या दिसतात. दुसरा सुमारे ७० सेकंदांनी: पोर्टल शीर, यकृतातल्या इतर गाठी आणि लसीका ग्रंथी. तिसरा ३ ते ५ मिनिटांनी, आणि वेळ वाचवायचा म्हणून सर्वात आधी गाळला जातो तोही हाच. तंतुमय ऊतक काँट्रास्ट हळू शोषते आणि उशिरापर्यंत धरून ठेवते. यकृत फिके पडल्यावर गाठ उजळते. तिसरा टप्पा नसेल तर ती आजूबाजूच्या ऊतकात मिसळलेलीच राहते.

चित्रांची जाडी १ ते १.२५ मि.मी. ठेवावी. आडव्या कापांसोबत समोरून आणि नलिकेच्या दिशेने तिरपे काप तयार करावेत. छाती त्याच वेळी करून घेतली तर रुग्णाला पुन्हा टेबलावर यावे लागत नाही.

क्रिएटिनिन वाढलेले असेल तर काँट्रास्टआधी डॉक्टरांशी बोलावे. काविळीत किडनी आधीच नाजूक असते आणि उलट्या-उपासाने शरीर कोरडे पडलेले असते. ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) ३० च्या खाली असलेल्या मधुमेही रुग्णाने मेटफॉर्मिन चाचणीच्या वेळी थांबवावे आणि ४८ तासांनी किडनी तपासूनच पुन्हा सुरू करावे.

तिसरी पायरी : एमआरआय आणि एमआरसीपी

पित्तनलिकांचा खरा नकाशा इथे मिळतो, तोही नलिकेत काही न टोचता. स्थिर पाणी पांढरे आणि बाकी सगळे काळे दिसेल अशी मांडणी असते, त्यामुळे तुंबलेले पित्त झाडाच्या फांद्यांसारखे उमटते. ४ ते ६ तास उपास. जठर-ड्युओडेनममधले पाणीही पांढरेच दिसणार, म्हणून अनेक केंद्रांत स्कॅनच्या पंधरा-वीस मिनिटे आधी अननसाचा रस पाजतात. त्यातल्या मँगनीजमुळे आतड्यातला द्रव काळा पडतो. हा घरगुती उपाय वाटला तरी पक्के शास्त्र आहे. मात्र मधुमेह्याची साखर आधी बघावी.

दोन प्रकारची चित्रे घ्यावी लागतात. एक, श्वास रोखून काही सेकंदांत घेतलेले ४ ते ६ सेंटिमीटर जाडीचे एकत्र चित्र. घाईत, किंवा श्वास धरता न येणाऱ्या रुग्णात हेच कामाला येते. दोन, श्वासाच्या लयीला जोडलेले त्रिमितीय चित्र, सुमारे १ मि.मी.च्या तपशिलाचे, त्याला काही मिनिटे लागतात आणि श्वास अनियमित असेल तर ते हलते. चित्र हलले तर तिथेच पुन्हा घ्यावे. रुग्ण घरी गेल्यावर त्या धुरकट चित्रावरून कुणी काही सांगू शकत नाही.

फक्त एमआरसीपी करून थांबणे ही इथली नेहमीची काटकसर. एमआरसीपी पोकळी दाखवते, भिंत दाखवत नाही. भिंत बघायला गॅडोलिनियमसह (एमआरआयच्या काँट्रास्टसह) एमआरआय हवा आणि डिफ्युजनची, म्हणजे ऊतकातल्या पाण्याची हालचाल दाखवणारी, चित्रे हवीत. डिफ्युजनमध्ये ५० आणि ८०० च्या आसपासच्या बी-मूल्यांची (या चित्रांच्या संवेदनशीलतेच्या आकड्यांची) तुलना केली की यकृतातल्या लहान गाठी उठून दिसतात. यकृताच्या पेशींत शिरणारा विशेष काँट्रास्टही मिळतो, ज्याची चित्रे २० मिनिटांनी घेतात. पण बिलिरुबिन खूप वाढलेले असताना पेशी तो नीट शोषत नाहीत आणि तो टप्पा फिका येतो, म्हणून गडद काविळीत तेवढ्या टप्प्यासाठी जास्तीचे पैसे खर्च करण्याआधी रेडिओलॉजिस्टला विचारावे.

वाचताना ज्या जागी घसरण होते त्या अशा. उजवी यकृत धमनी सामान्य यकृत नलिकेला ओलांडते. तिच्या ठोक्यामुळे तिथे आकुंचन असल्यासारखा काळा पट्टा उमटतो. तो अरुंद, सरळ कडांचा असतो आणि वरची नलिका फुगलेली नसते. हवेचे बुडबुडे वरच्या बाजूला तरंगतात, खडे खाली बसतात, त्यामुळे आडव्या कापात पातळी बघितली की फरक कळतो. पित्ताशयाच्या जुन्या शस्त्रक्रियेतली क्लिप आजूबाजूचे थोडे पुसून टाकते. आणि संगणकाने फिरवून दाखवलेले ते देखणे त्रिमितीय झाड फाइलला लावायला चांगले, पण त्यात छोटा खडा किंवा आत लोंबणारी गाठ पांढऱ्यात बुडून जाते. मूळ पातळ काप एकेक करून बघावेच लागतात.

चौथी पायरी : चित्रे शेजारी ठेवून वाचणे

इतके दिवस जमवलेल्या चित्रांचा उपयोग आता होतो. समजा, साठीच्या एका बाईंना कावीळ आहे, बिलिरुबिन १४. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंच्या नलिका फुगलेल्या, पित्ताशय चपटे. सीटीत यकृताचा डावा खंड आक्रसलेला, त्यातल्या नलिका दाटीवाटीने एकमेकींना चिकटलेल्या, डावी पोर्टल फांदी बंद. तिसऱ्या टप्प्यात संगमावर पातळ उजळ पट्टा. एमआरसीपीत डाव्या बाजूला गाठ दुसऱ्या पातळीच्या फांद्यांपर्यंत गेलेली, पण उजव्या पुढच्या आणि मागच्या नलिका एकमेकींना मिळतात ती जागा मोकळी.

बिस्मथ आणि कॉर्लेट यांच्या वर्गीकरणात ही टाइप ३-बी. गाठ संगमाच्या खाली असती तर टाइप १, संगमापर्यंतच असती तर टाइप २, उजवीकडे फांद्यांत शिरली असती तर ३-ए, दोन्हीकडे तर ४. हे वर्गीकरण नलिकांचे आहे, रक्तवाहिन्यांचे नाही. एमआरसीपीचे काम इथे संपते आणि सीटी पुन्हा उघडावा लागतो. डावी बाजू काढायची तर उजवी बाजू कशावर जगणार? उजव्या पोर्टल फांदीवर आणि उजव्या यकृत धमनीवर. ती धमनी बहुतेकांत सामान्य यकृत नलिकेच्या पाठीमागून जाते, म्हणजे गाठीला अगदी लागून. धमनीच्या टप्प्यात तिच्याभोवतीची चरबी सर्व बाजूंनी काळी दिसली तर ठीक. गाठ अर्ध्या घेरापेक्षा जास्त भिडली असेल, धमनी अरुंद किंवा खडबडीत दिसत असेल, तर कागदावर सोपी दिसणारी ३-बी प्रत्यक्षात कठीण होते.

आता शरीररचनेतले फरक तपासावेत. बऱ्याच जणांत उजवी मागची नलिका उजव्या नलिकेला न मिळता डाव्या नलिकेत जाते. या बाईंत तसे असेल तर डावी नलिका कापताना उजव्या यकृताच्या मागच्या भागाचाही मार्ग तुटेल. उलट कुणाची उजवी धमनी वेगळ्या, वरच्या आंत्र धमनीपासून निघते आणि गाठीपासून दूर राहते. सर्जनसाठी ती चांगली बातमी असते. हे फरक रिपोर्टात लिहिलेले नसतील तर शस्त्रक्रियेच्या वेळीच कळतात.

निचऱ्याचा निर्णयही याच टेबलावर होतो. या बाईंत नळी टाकायचीच झाली तर उजव्या बाजूला. आक्रसलेल्या डाव्या खंडात टाकलेली नळी बिलिरुबिन फारसे उतरवत नाही, उलट संसर्गाला दार उघडते. ईआरसीपीत रंग (काँट्रास्ट) सगळीकडे मारून मग ज्या बाजूचा निचरा झाला नाही तिथे तो अडकून राहणे हे संसर्गाचे नेहमीचे कारण आहे. म्हणून कोणत्या फांदीत जायचे हे एमआरसीपीवरून आधी ठरवावे आणि इतरत्र रंग भरू नये. संगमावरच्या अडथळ्यात त्वचेतून सुईने केलेला निचरा, म्हणजे पीटीबीडी, अनेकदा जास्त नेमका पडतो.

पाचवी पायरी : तुकडा (बायोप्सी) कसा मिळवायचा, आणि कधी नाही

ईआरसीपीत ब्रशने खरवडून पेशी घेतात. गाठ तंतुमय असल्याने निम्म्याच्या आसपास रुग्णांत ब्रशमध्ये काही सापडत नाही. ‘ब्रश निगेटिव्ह’ म्हणजे कर्करोग नाही असे नव्हे, हे रिपोर्ट हातात आल्यावर घरच्यांना लगेच सांगावे. ब्रशसोबत चिमट्याने तुकडा घेतला तर शक्यता वाढते. कोलँजिओस्कोपीत नलिकेच्या आत बारीक कॅमेरा नेऊन वेड्यावाकड्या जाड रक्तवाहिन्या, उंचवटे, व्रण प्रत्यक्ष बघून तिथलाच तुकडा घेता येतो. नलिकेतल्या सोनोग्राफीचा २० मेगाहर्ट्झचा प्रोब भिंतीचे थर दाखवतो, पण दूरचे दाखवत नाही. हे सगळे एकाच बैठकीत व्हावे, कारण पुढच्या वेळेपर्यंत स्टेंटने सुजलेली भिंत गाठीसारखीच दिसते.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड (दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी) खालच्या भागातल्या गाठीला आणि लसीका ग्रंथींतून सुईने पेशी घ्यायला उत्तम. पण संगमावरची गाठ काढता येण्यासारखी असेल, किंवा यकृत प्रत्यारोपणाचा विचार असेल, तर पोटाच्या पोकळीतून मूळ गाठीत सुई घालू नये. सुईच्या वाटेने पेशी पसरण्याचा धोका असतो आणि अनेक प्रत्यारोपण केंद्रे अशा रुग्णाला नाकारतात. काढता येणाऱ्या गाठीत चित्रे ठाम असतील तर तुकड्याशिवाय शस्त्रक्रिया करणे मान्य आहे. केमोथेरपीसाठी मात्र तुकडा लागतोच.

सोंग घेतलेले आजार

कर्करोग समजून काढलेल्या अडथळ्यांतले काही शेवटी कर्करोग नसतात. आयजीजी-४ चा (प्रतिकारशक्तीतल्या बिघाडाचा) आजार यातला सर्वात महत्त्वाचा, कारण तो स्टेरॉइडने बरा होतो. भिंत लांबवर, एकसारखी जाड, आतली कड गुळगुळीत; स्वादुपिंड सॉसेजसारखे फुगलेले. रक्तातले आयजीजी-४ शस्त्रक्रियेआधी तपासावे. १३५ मिग्रॅ प्रति डेसिलिटर ही नेहमीची मर्यादा आहे, पण थोडीशी वाढ कर्करोगातही दिसते. चौपट वाढ असेल तर पारडे आयजीजी-४ कडे झुकते.

पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडा बाहेरून नलिका दाबतो, त्याला मिरिझी म्हणतात. पोर्टल शीर जुनी बंद पडली असेल तर तिच्याभोवती फुगलेल्या शिरांचे जाळे नलिकेला नागमोडी आकार देते. क्षयाच्या ग्रंथी संगमावर दाब देतात. आणि गंगेच्या खोऱ्यातून आलेल्या रुग्णात संगमावरचा अडथळा दिसला की आधी पित्ताशयाची मान बघावी. तिथे पित्ताशयाचाच कर्करोग पुढे सरकलेला असण्याची शक्यता जास्त.

पेट स्कॅन, यकृताचे माप आणि दुर्बीण

पेट-सीटी सर्वांना लागत नाही. शस्त्रक्रिया ठरत आली असताना दूरचा प्रसार राहून गेला नाही ना, हे बघायला तो करावा. ४ ते ६ तास उपास, साखर २०० च्या खाली, एफडीजी (किरणोत्सारी साखर) दिल्यावर सुमारे ६० मिनिटे शांत पडून राहणे. भिंतीतून पसरणारी तंतुमय गाठ त्यात नेहमी चमकत नाही. उलट संसर्ग, नुकताच टाकलेला स्टेंट आणि क्षयाच्या ग्रंथी झगझगीत दिसतात. आपल्या देशात फक्त चमकणाऱ्या ग्रंथीवरून ‘पसरला’ असे लिहून शस्त्रक्रिया नाकारणे धोक्याचे. त्या ग्रंथीतून सुईने पेशी घेऊन खात्री करावी.

मोठी शस्त्रक्रिया ठरली की दुसऱ्या टप्प्यातल्या सीटीवरून उरणाऱ्या यकृताचे माप काढतात. कावीळ झालेल्या यकृतात ते सुमारे ४० टक्के तरी असावे. उजवी बाजू काढायची असेल तर डावीकडे अनेकदा एवढे उरत नाही. मग उजवी पोर्टल फांदी बंद करून डावी बाजू वाढायला ३ ते ६ आठवडे देतात आणि सीटी पुन्हा करून माप घेतात. त्याच सीटीत आजार पुढे सरकला का हेही बघावे, नुसता आकडा काढून फाइल मिटू नये. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे काही मिलिमीटरचे दाणे सीटी, एमआरआय, पेट या तिन्हींना चुकवतात. त्यासाठी मोठा छेद घेण्याआधी दुर्बिणीने पोट बघतात.

घरच्यांसाठी एक काम: प्रत्येक स्कॅनची फिल्म आणि रिपोर्टबरोबर सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ डायकॉम फाइल मागून घ्या, आणि ती घरच्या संगणकावर उघडते का ते त्याच दिवशी बघा. फिल्मवर निवडक काप छापलेले असतात. धमनीभोवतीची चरबी बघायला सर्जनला सगळे काप लागतात. पाकिटावर तारीख आणि ‘स्टेंटच्या आधी’ किंवा ‘स्टेंटनंतर’ असे मोठ्या अक्षरांत लिहा.